लिंबाजी मास्तरांचा लाख

लिंबाजी मास्तरांसमोर आकडा उच्चारायची चोरी होती. तुम्ही सहज म्हणालात, "काल बाजाराला हजारभर माणूस असेल नाही?" की मास्तर चालता चालता थांबायचे, डोक्यावरचा पटका मागे सारायचे, तुमच्याकडे नीट निरखून पाहायचे आणि विचारायचे, "बघितलं का?"

"काय बघितलं का?"

"हजार."

आता यावर माणसाने काय बोलावं? बोलण्याच्या ओघात म्हणतो आपण हजार. पण मास्तर सोडायचे नाहीत. "न्हाई बघितलं ना? मग कावून बोलला?" एवढं म्हणून ते पुढे निघून जायचे आणि तुम्ही भर रस्त्यात गुन्हेगारासारखे उभे.

मी त्यांचा वरिष्ठ होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढची हकीकत ऐकून कोणाचा तसा समज होणार नाही. निजामाचं राज्य होतं. मोमिनाबादेहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, मी बैलगाडीने निघालो, धारूरचा घाट उतरलो आणि घाटाखालच्या एका गावी मधल्या शाळेचा हेडमास्तर म्हणून रुजू झालो. मधल्या शाळेला सरकारी भाषेत वस्तानिया म्हणत आणि हेडमास्तरला सदर मुदर्रिस. वय सव्वीस, अंगात नवा कोट, आणि आपण ही शाळा जिल्ह्यात नावाला आणणार अशी खात्री. पहिल्याच दिवशी मास्तरांची ओळख झाली. सहाव्या जमातीला, म्हणजे आपल्या सहावीला, ते हिसाब म्हणजे गणित शिकवत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, धोतर गुडघ्याच्या खाली फार जात नसे. मी आपला ऐटीत म्हणालो, "शाळेत एकशे चाळीस मुलं आहेत असं कागदावर वाचलं."

"बघितली का?" मास्तर म्हणाले.

माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो तिथपासून.

मराठी भाषेत आकड्यांशिवाय बोलणं किती कठीण आहे हे मला त्या गावी कळलं. मी चिडून म्हणावं, "मास्तर, माझ्यामागे सतराशे साठ कामं आहेत," तर हे शांतपणे म्हणणार, "मोजली का?" कंटाळून म्हणालो, "तुमच्यापुढे माझ्या नाकी नऊ आले," तर हे माझ्या नाकाकडे पाहणार. एकदा मी त्यांना समजावत होतो की सगळीकडे सरकारी कारभार असाच चालतो, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. दुसऱ्या दिवशी स्वारी पळसाची फांदी घेऊन माझ्या टेबलासमोर हजर. "तीनच हायत, सदरसाब. खरं हाय तुमचं." त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीसुद्धा पळसाच्या जोरावर.

पाटलांच्या घरच्या लग्नाची गोष्ट तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमची शाळा पाटलांच्या माळवदात भरायची. त्यांची मर्जी फिरली तर शाळा चिंचेखाली. लग्नाच्या संध्याकाळी पाटील सोयऱ्यांच्या घोळक्यात बसून मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आज हजार पान उठलं बगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, माझं काय जातं? तेवढ्यात मागून आवाज आला, "सहाशे बारा."

लिंबाजी मास्तरांनी घराच्या मागे जाऊन उष्ट्या पत्रावळी मोजल्या होत्या.

"कुत्र्यांनी ओढून नेल्या त्या दहा-वीस धरा," मास्तर उदारपणे म्हणाले, "तरी सहाशे बत्तिसाच्या वर न्हाई जात, पाटील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या जमातीच्या खोलीत छतापर्यंत कडबा भरलेला होता. मुलं बाहेर उन्हात. मी पाटलांच्या ओसरीवर जाऊन हात जोडले, दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. मास्तरांना म्हटलं, "अहो, निदान माफी तरी मागा!" ते खरोखर बुचकळ्यात पडले. "पाटलाला सहाशे बारा लोकं कमी वाटतात का? सहाशे बारा लई असतेत, सदरसाब. एकएक पान उचलून बघा म्हनावं." आठ दिवसांनी कडबा निघाला तो पाटलांच्या बैलांनी खाल्ला म्हणून, माफीमुळे नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. गावात एखादा विक्षिप्त माणूस असतोच. पण मास्तरांनी हा आपला छंद वर्गात आणला होता, आणि वर्गाचा जाब मला द्यायचा होता.

सहाव्या जमातीला दिवाळीपर्यंत अपूर्णांक संपवून त्रैराशिकाला हात घालायचा असा सरकारी नेम होता. मी दसऱ्याला वर्गात डोकावलो तर फळ्यावर काय? फळ्यावर दहा. नुसता दहा. पंचवीस मुलं जमिनीवर बसलेली, प्रत्येकासमोर चिंचोके. दहा चिंचोक्यांची ओळ, अशा दहा ओळी झाल्या की खापरात शंभर, दहा खापरं झाली की टोपलीत हजार. ज्या मुलांना तिसाचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ आहेत त्यांना हा मनुष्य दहा म्हणजे किती ते शिकवत होता!

"मास्तर, ही सहावी जमात आहे," मी दातओठ खाऊन म्हणालो.

"व्हय."

"दहा त्यांना येतो."

"येतो कुठं? म्हनता येतो." मग एका पोराकडे वळून, "बे गणप्या, चारशे लिव्ह." गणप्याने पाटीवर झटकन लिहिलं. "बघितलेस का?" गणप्याने मान हलवली. "मग पूस. अन् मोजून आन." आणि गणप्या गोठ्यातल्या वासरासारखा उठून चिंचोक्यांच्या पोत्याकडे गेला. मास्तर मला म्हणाले, "आकडा लिव्हायला काय लागतं, सदरसाब? हात फिरवला की झालं. हातातनं जायला पायजे तो."

त्यात आणखी भाषेची भानगड. वरच्या जमातींना हिसाब उर्दूतून शिकवायचा हुकूम होता. आमची पोरं मनातल्या मनात मराठीत पाढा म्हणायची आणि उत्तर उर्दूत द्यायची. मास्तरांचं उर्दू यथातथाच. पण त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. "चिंचोक्याला कंची बी बोली चालती," असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

बरं, हजारावर थांबले असते तरी मी देव पाण्यातून बाहेर काढले असते. पण एके दिवशी म्हमद नावाच्या मुलाने विचारलं, "मास्तर, लाख केवढा असतो?"

तो मुलगा पुढे कुठे असेल तिथे सुखी असो. त्या वेळी मात्र मला त्याचा कान पिळावासा वाटला. मास्तरांचा चेहरा असा उजळला की मी दारातच ओळखलं, आता आपलं काही खरं नाही. लाख चिंचोके आणायचे तर गाडी लागली असती आणि ठेवायला पाटलांचा आख्खा वाडा. मास्तर दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी ते घरून पायलीभर जवारी घेऊन आले. अंदाजाने म्हणाले, पायलीत लाखाच्या आसपास दाणे बसावेत. अंदाजाने! पण अंदाज खरा की खोटा ते ठरवायचं कसं? मोजून. मुलं पंचवीस, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार हजार दाणे.

झालं. सहाव्या जमातीत सारवलेल्या जमिनीवर जवारी मोजायला बसली पोरं. दहा दाण्यांची चिमूट, शंभराची ढिगुली. खोलीत पाय ठेवायची सोय राहिली नाही. खिडकीतून वारा आला की एकच आरडाओरडा. चिमण्या तर मास्तरांच्या हाडवैरी झाल्या. एका मुलाला शिंक आली आणि त्याचे अडीच हजार दाणे शेजाऱ्याच्या दाण्यांत मिसळले, तेव्हा तो पोरगा ओक्साबोक्शी रडला आणि मास्तर त्याच्याजवळ बसून पहिल्यापासून मोजू लागले. मुलांच्या आया घागरी घेऊन जाताना दारात थांबायच्या. "आमच्या घरी जवारी निवडायला सांगितली तर उठत न्हाई मेला, अन् साळंत येऊन दाने मोजतो व्हय!"

पाचव्या दिवशी मोजणी संपली आणि हिशेब जुळेना. काही मुलांचे चार हजार झाले तरी ढीग केवढाले, आणि काहींचे चार हजार चिमुकले. मास्तर ढिगुल्या फोडून पाहू लागले. गणप्याच्या दहाच्या चिमटीत निघाले अकरा. दुसरी फोडली, अकरा. तिसरी, अकरा.

"बे, मोज बरं माज्यापुढं."

गणप्याने पहिला दाणा ठेवला आणि म्हणाला, "लाभ." दुसरा ठेवला, "एक." तिसरा, "दोन." असा दहापर्यंत.

शेतकऱ्याच्या घरचं पोर ते. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. एक म्हटलं तर रास एकावरच अडायची, लाभ म्हटलं तर वाढते, अशी समजूत. आता लाभानंतर काय म्हणायचं यावर वर्गात दोन तट पडले. नदीच्या अलीकडची पोरं म्हणाली, लाभ म्हणजेच एक, त्यानंतर सरळ दोन. पलीकडची म्हणाली, लाभ देवाचा, तो मोजायचा नाही, एक त्याच्यानंतर सुरू.

"आमच्यात लाभ झाला की दोन!"

"तुमच्यात रास कमी भरती म्हनून!"

बापाचं खळं निघालं म्हटल्यावर पोरं हमरीतुमरीवर आली. मी आवाज ऐकून धावत गेलो. मला वाटलं मास्तर छडी घेऊन उभे असतील. ते मधोमध मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, इतके खुश होते.

"सदरसाब, बरं झालं आला. पोरांनी लई मोठं इचारलं. एक कुठून सुरू हुतो?"

"मास्तर," मी ओरडलो, "मोहतमीम साहेब बारा दिवसांनी तपासणीला येताहेत!"

तेव्हा निदान बारा पाहिले का असं त्यांनी विचारलं नाही. पण मोजणी पुन्हा पहिल्या दाण्यापासून सुरू केली.

त्या दुपारी माझा संयम सुटला. मी खोलीत गेलो, दार लावलं आणि शाळांचे तपासनीस असलेल्या मोहतमीम साहेबांच्या बीडच्या कचेरीला पाठवायची कैफियत लिहायला बसलो. सुरेख उर्दूत, तीन पानं. हा इसम सरकारी वेळ जवारीच्या दाण्यांत बरबाद करतो, सहाव्या जमातीला अद्याप त्रैराशिक माहीत नाही, हा मधल्या शाळेच्या लायक नाही, याला इथून हलवावं. एकेक वाक्य लिहिताना छातीवरचं ओझं उतरत होतं. लखोटा बंद करून टपालात दिला आणि त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मास्तरांना यातलं काही कळवायची मला गरज वाटली नाही.

सरकारी बहमन महिना लागला, म्हणजे आपला मार्गशीर्ष, आणि मोहतमीम साहेब आले. हैदराबादकडचे वयस्क गृहस्थ, काळी शेरवानी, लाल रूमी टोपी, आवाज मऊ. बाकीच्या जमाती ठीक झाल्या. माझ्या भूगोलाचं कौतुक झालं. मग आम्ही सहावीत गेलो.

खोलीच्या मधोमध पांढऱ्या धोतरावर दहा ढीग मांडलेले होते. दुसऱ्या मोजणीत पायली थोडी कमी भरली होती, म्हणून मास्तरांनी घरून आणखी दोन मुठी आणून लाख पुरा केला होता. ढीग एकाशेजारी एक, प्रत्येकात दहा हजार. पोरं भिंतीला टेकून उभी.

साहेबांनी ढिगांकडे एक नजर टाकली आणि गणप्याला उभं करून त्रैराशिकाचा सवाल घातला. आठ माणसं एक भिंत बारा दिवसांत बांधतात, तर सहा माणसं किती दिवसांत बांधतील?

गणप्या एक पाऊल पुढे आला. मग अदबीने म्हणाला, "साब, भिंत कंची?"

"कंची म्हणजे?"

"बघितलेली हाय का?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी पुढच्या मुलाला विचारलं, त्याच्या पुढच्याला विचारलं. पंचवीस मुलांपैकी एकालाही उत्तर आलं नाही. सोळा दिवस, मी मनात ओरडत होतो, सोळा रे गाढवांनो! साहेबांनी सुस्कारा सोडला आणि नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "एक लाख में से एक निकालो, तो कितने?"

बाकी कोणत्याही शाळेतली मुलं इथे पाटीवर शून्यं मांडून हातचे घेत बसली असती. आमचा म्हमद पुढे झाला, शेवटच्या ढिगातला एक दाणा उचलून तळहातावर घेतला, ढिगांकडे पाहिलं आणि म्हणाला, "निन्यानवे हजार नौ सौ निन्यानवे." मग दाणा परत जागच्या जागी ठेवून दिला.

साहेब खाली वाकले. त्यांनी लाखाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "ये एक लाख है?"

"व्हय साब," लिंबाजी मास्तर म्हणाले. "पोरांनी मोजलाय. दोन बार."

"मैं पहली बार देख रहा हूँ," साहेब म्हणाले. पण सरकारी माणूस तो. कमरेत सरळ झाला आणि शेरवानीच्या खिशातून तीन पानं बाहेर काढली. मी अक्षर ओळखलं. माझंच होतं. सगळ्या वर्गासमोर त्यांनी वाचलं, "ये शख्स सरकारी वक्त जवार के दानों में बरबाद करता है. मास्टर साब, आप ही के सदर साब लिखे हैं. आपको क्या कहना है?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस पंचवीस पोरांसमोर माझी अब्रू काढणार, आणि काढली तर ती त्याच्या हक्काची आहे.

"बरोबर लिव्हलंय, साब," मास्तर म्हणाले. "वक्त लागतो."

वरून हुकूम येईल, एवढं सांगून साहेब निघून गेले.

मुलं घरी गेल्यावर मी पुन्हा सहावीत गेलो. का गेलो कोण जाणे, पाय तिकडे वळले. मास्तर गुडघ्यावर बसून ढीग पायलीत भरत होते. मी माफी मागायला आलो होतो, पण तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडला राग. "का करता हो तुम्ही असं? नोकरी जाईल तुमची! काय मिळतं तुम्हाला यातून?"

मास्तर भरत राहिले. मग जवारीकडे पाहतच बोलू लागले.

"मानमोडीच्या साली मी धाकट्या साळंवर व्हतो, वरच्या गावाला. साथ अशी आली की पटवारी गेला, त्याचा लेक बी गेला. लिव्हनारं कोन न्हाई राह्यलं. तहसिलातून स्वार आला, म्हनला मास्तर, तू लिव्हत जा. रोज सांजच्याला गेलेल्या लोकांचा आकडा लिवून द्यायचा. नावं नगं, म्हनला. आकडा बस."

त्यांनी एक ओंजळ पायलीत टाकली.

"एक दिस मी लिव्हलं, चौदा. त्या चौदात माजी कारभारीन व्हती, अन् सुंदरा. पोरगी माजी, सात वर्साची. सकाळीच दोघींना पोचवून आलतो. अन् सांजच्याला कागद घिऊन बसलो, लिव्हलं चौदा. एकावर चार. वळन लई सुरेख आलतं. हात हालला न्हाई, सदरसाब. स्वार कागद घिऊन गेल्यावर मला कळलं, आपन काय लिव्हलं ते."

बाहेर कोणाची तरी गुरं चालली होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आकड्याचं असं हाय," मास्तर म्हणाले. "न बघता लिव्हता येतो. पोरांना तेवढं येऊ नये म्हनून चाललंय आपलं."

मला रडू आलं, ते लपवत नाही. आणि त्याही वेळी मला मास्तरांचा राग आला होता. इतके महिने मी यांच्या नावाने खडे फोडतो आहे आणि हा माणूस गप्प बसून चिंचोके मांडतो! "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी त्रैराशिकाचं इचारीत व्हता," मास्तर म्हणाले.

त्याच दिवशी मी बीडला दुसरं पत्र लिहिलं. आधीची कैफियत माझ्या अननुभवातून आणि रागातून लिहिली गेली, लिंबाजी मास्तरांसारखा शिक्षक या शाळेला हवा आहे, त्रैराशिकाची जबाबदारी मी स्वतः घेतो. आणि घेतली. शाळा सुटल्यावर मी सहावीला शिकवू लागलो. महिना तरी लागेल असा माझा हिशेब होता. नऊ दिवसांत पोरांनी त्रैराशिक गिळून टाकलं. भिंती, हौद, मजूर, घोड्यांचा चंदी-चारा, काहीही विचारा. आकडा केवढाही आला तरी एक पोर बिचकायचं नाही, आणि उत्तर चुकलं तर मी सांगायच्या आधी त्यांनाच कळायचं, "न्हाई सदरसाब, इतके कसे हुतील?" आजवर इतक्या शाळा फिरलो, असा वर्ग मला पुन्हा मिळाला नाही. आणि हे मी आनंदाने सांगत नाही, कारण त्यात माझं काहीच नव्हतं.

माझं दुसरं पत्र आणि बीडचा हुकूम वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. हुकूम आधी पोचला. लिंबाजी मास्तरांची बदली घाटावरच्या एका वाडीत, धाकट्या शाळेवर. मी धावपळ केली, स्वतः बीडला जाऊन आलो, कचेरीत दोन दिवस बसलो. तिथल्या कारकुनाने मला समजावलं की निघालेला हुकूम परत फिरत नसतो, आणि अखेर बदली मागितली कोणी होती?

मास्तरांना हुकूम दाखवताना मला त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि कंबरेला खोचला. "धाकटी साळा बरी," म्हणाले. "तिथं पोरांना एक पासून लागतं."

सामान कसलं, एक वळकटी, दोन भांडी आणि चिंचोक्यांचं पोतं. सकाळची वेळ. गाडीवाला घाई करत होता, घाट ऊन चढायच्या आत गाठायला हवा म्हणून. सहावी जमात वेशीबाहेर उभी होती, रांगेत उभं राहा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं तरी रांगेत. पाटीलही आले होते, जरा लांब उभे होते.

मास्तर रांगेच्या एका टोकाला गेले. पहिल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाले, "एक." पुढे सरकले, हात ठेवला, पाहिलं, "दोन." घाई नाही, कसली म्हणून नाही. गाडीवाला बैलांना बोलायच्या निमित्ताने आम्हाला बोलत होता. गणप्यापाशी ते जरा जास्त थांबले. म्हमद रडत होता, त्याने मान वर करेपर्यंत वाट पाहिली. मी गाडीपाशी उभा राहून मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो. "चोवीस." "पंचवीस."

रांग संपली. मी गाडीचं जू धरून बाजूला झालो, त्यांना चढायला वाट म्हणून. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी खाली पाहत होतो. मला वाटलं रामराम करतील.

त्यांनी माझी टोपी काढून माझ्या हातात दिली, डोक्यावर हात ठेवला आणि मी वर बघेपर्यंत तसाच ठेवला.

"सव्वीस," मास्तर म्हणाले, आणि गाडीत बसले.